दुसरी प्रत

९ नोव्हेंबर १८१२, स्पर्लिंग कोव्ह

पेढीवरच्या जुन्या नक्कलवहीची मागची चाळीस-पन्नास पानं कोरी राहिली होती. फिनिअस भाऊजी म्हणाले, "वहिनी, घरी न्या, चूल पेटवायला होतील." इतका चांगला जाड कागद चुलीत घालण्याइतकी मी अजून वेडी झालेले नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. दिवसभर दुसऱ्यांची पत्रं वहीत उतरवते, प्रत्येकाच्या शेवटी 'आपला आज्ञाधारक' लिहिते. इथे मी कुणाची आज्ञाधारक नाही.

आधी जे आहे ते मांडून ठेवते. माझा ओबेड एकवीस वर्षांचा आहे. गेल्या साली एप्रिलमध्ये लिस्बनच्या वाटेवर इंग्रजांच्या लढाऊ जहाजानं त्यांचं जहाज अडवलं, सगळ्यांना डेकवर ओळीत उभं केलं आणि "तुम्ही इंग्रजच आहात" म्हणून चौघांना आपल्या जहाजावर खलाशी करून उचलून नेलं. त्यात ओबेड. अमेरिकन असल्याचा दाखला त्याच्या खिशात होता. त्यांच्या अधिकाऱ्यानं तो वाचला, नीट घडी केली आणि समुद्रात टाकला. परत आलेल्या लोकांनी हे मला अंगणात उभं राहून सांगितलं. त्यानंतर दीड वर्ष काही कळलं नाही. आता जूनपासून त्याच इंग्रजांशी आपलं युद्ध चालू झालंय आणि माझा मुलगा त्यांच्या तोफेवर आहे.

सप्टेंबराच्या शेवटी लिस्बनच्या सिल्वेरा मंडळींचं पत्र आलं. ते आमच्याकडून खारवलेला मासा घेतात आणि मीठ पाठवतात. दोन पानं भरून मासा, मीठ आणि पिंपं. मी उतरवत होते. सहीच्या वर शेवटच्या चार ओळी अशा: आपला पुतण्या 'सेम्प्रोनिया' या जहाजावर असून ते सध्या इथल्या नदीत नांगरलेलं आहे. पाणी भरायला किनाऱ्यावर आला असता आमच्या माणसास भेटला. तो अमेरिकन असल्याचा पुरावा घरून आला तर कप्तान त्याला युद्धकैदी म्हणून उतरवून देईल, असं सांगतो.

मिठाच्या भावाखाली माझा मुलगा निघाला. वहीवर शाईचा केवढा तरी डाग पडला. भाऊजी एरवी डागासाठी चार शब्द सुनावतात. त्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि पाठ करून खिडकीत उभे राहिले.

तेव्हापासून मी पुरावा गोळा करते आहे. जन्माची नोंद, पाद्रीसाहेबांची चिठ्ठी, दोन शेजाऱ्यांच्या सह्या. न्यूयॉर्कला, जिथे त्यानं दाखला काढला होता, तिथल्या दप्तरात नावापलीकडे काही लिहिलेलं नाही. आता राहिलं माझं शपथपत्र.

१२ नोव्हेंबर

बोस्टनच्या टपालगाडीनं सिल्वेरांच्या त्याच पत्राची दुसरी प्रत आली. समुद्रापलीकडे पत्र धाडायचं तर त्याच्या दोन-तीन प्रती करतात आणि वेगवेगळ्या जहाजांवर घालतात. एक बुडालं, एक पकडलं गेलं, तरी तिसरं पोचतं. बाहेरच ठळक 'दुसरी प्रत' लिहिलेलं असतं. आमच्या पेढीचा नियम असा की पहिली मिळाली असेल तर दुसरीची लाख फोडायची नाही. याआधीचा कारकून हायरम अतिशहाणा होता. त्यानं दोन्ही फोडल्या, दोन्हीतली मागणी वेगळी समजला आणि चारशे क्विंटल मासा दोनदा रवाना केला. अर्धा लिस्बनच्या धक्क्यावर नासला. भाऊजी अजून त्या आठवणीनं लाल होतात. "दुसरी प्रत म्हणजे जेवून उठलेल्यापुढे पुन्हा ताट," म्हणतात.

मी पाठीवर लिहिलं: 'दुसरी प्रत. पहिली मिळाली. उघडण्याचं कारण नाही. के. टी.' फीत बांधली आणि कप्प्यात ठेवली. घडी हाताला जरा जाड लागली. लिस्बनवाले या वर्षी कागद जाड वापरतात वाटतं. हायरमच्या अक्षरापेक्षा माझं अक्षर कितीतरी बरं आहे, हे भाऊजीही कबूल करतात.

२० नोव्हेंबर

आज शपथपत्र झालं. गावात असले कागद स्क्वायर लफकिन करतात. गृहस्थ सत्तरीचे आहेत, कानानं अधू, पण कामाला चोख.

"केझायाबाई, नावगाव पुरे. आता अंगावरच्या खुणा सांगा. नाव कुणीही सांगतो. खूण पाहिजे."

"उंची पाच फूट सहा. दाराच्या चौकटीवर रेघ आहे."

"ती कधीची?"

"अठराव्या वर्षी निघाला तेव्हाची."

"अहो मग वाढला असेल की पोरगा!"

"मग 'सुमारे' लिहा. हनुवटीखाली व्रण. आणि हातावर भाजल्याचा मोठा डाग, कोपराखाली. सहा वर्षांचा असताना चुलीवरची किटली ओढून घेतली होती."

"कुठला हात?"

मी डोळे मिटले आणि ओबेडला समोर उभा केला. त्यासाठी मला काही करावं लागत नाही, तो आपोआपच उभा राहतो, बाह्या वर सारून. मी हात पुढे करून सरळ त्या डागाकडे बोट दाखवलं. "हा. उजवा."

"नक्की?"

"तीन आठवडे रोज समोर बसवून लोणी लावत होते, स्क्वायर. मला ठाऊक नसेल तर कुणाला असेल?"

परत येताना त्याच्या लहानपणचं आठवून एकटीच हसले. बूट चढवताना मी म्हणायचे, "उजवा पाय दे," आणि पाय पुढे आला की म्हणायचे, "हा नाही रे, दुसरा." मग हा खिदळायचा. "आई, माझे पाय तुझ्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहेत!" किती उद्धट कार्टं होतं.

शपथपत्राच्या तिन्ही प्रती मीच काढल्या. एक सरकारमार्गे लंडनच्या अमेरिकन एजंटाकडे, एक लिस्बनमार्गे, एक कैद्यांची अदलाबदल करणाऱ्या जहाजानं हॅलिफॅक्सवरून. लफकिनांनी ताडून पाहिल्या. म्हणाले, "एका टिंबाचा फरक नाही, बाई. तिन्हींपैकी कुठलीही पोचली तरी तीच."

१० जानेवारी १८१३

प्रार्थनाघरात इतकी थंडी होती की पायाशी निखाऱ्यांची डबी असूनही बोटं बधिर झाली. पाद्रीसाहेबांनी ज्यांना कुणासाठी मागणं मागायचं आहे त्यांनी उभं राहावं म्हटलं. मी उभी राहिले. मोठ्यानं म्हटलं, माझा मुलगा तुरुंगात पडावा म्हणून प्रार्थना करा.

बाहेर आल्यावर पेशन्स हॅस्केलनं गाठलंच. तिची जागा माझ्या मागच्याच बाकावर, आणि जीभ तिच्याही पुढे. "काय गं केझाया, देवाकडे मागायला तुला दुसरं काही सुचलं नाही? लोक मुलांना राज्य मागतात."

"तुझा मुलगा घरी चुलीशी बसून बीन्स खातोय, पेशन्स. तुला राज्य मागायला काय जातंय?"

"अगं पण तुरुंग!"

"तुरुंगात तोफ नसते."

ती तरातरा निघून गेली. घरी आले तर तिनं मागच्या दारानं येऊन गुळकाकवीची बाटली ठेवली होती. गावात काकवी मिळेनाशी होऊन तीन महिने झाले. पेशन्सचं असं आहे.

६ मार्च

काही नाही. फळ्यांवर मासा तसाच पडून आहे, घेणारा नाही. बंदरात जहाजं दोरखंडं गुंडाळून उभी. भाऊजी दिवसभर जुनीच पत्रं वाचतात. हे युद्ध या गावात कुणालाच नको होतं, पण आम्हाला विचारलं कुणी.

जून, तारीख विसरले

दुपारी आग्नेयेकडून तोफांचे आवाज आले. सगळं गाव टेकडीवर पळालं. कुणी दुर्बीण घेऊन, कुणी पाव आणि सफरचंदाची दारू घेऊन, जत्रेला निघाल्यासारखे. माझी धाकटी लेक रोडाही निघाली होती. चौदा वर्षांची आहे, तिला काय कळणार. मी तिला ओरडले. मग ती रडली आणि मीही रडले.

मी घरात बसून आवाज मोजत होते. प्रत्येक आवाजाला वाटे, हा भरणारा हात कुणाचा. तासाभरानं थांबलं. कुठली जहाजं होती ते संध्याकाळी कळलं. 'सेम्प्रोनिया' नव्हती. आधी बरं वाटलं आणि मग बरं वाटल्याची लाज वाटली, कारण आपली किती माणसं गेली ते पेशन्सचा मुलगा दारात उभा राहून सांगत होता.

१७ ऑगस्ट

ओबेडचं पत्र! एक स्वीडिश जहाज बोस्टनला लागलं, त्यावरून. कागद वाचवायला आडवं लिहून झाल्यावर त्याच कागदावर उभं लिहिलंय. मला उलगडायला दोन तास लागले. रोडाला एक शब्दही लागेना. पत्र फेब्रुवारीतलं आहे.

तो लिहितो, तब्येत बरी आहे. जेवण वाईट नाही, पण बिस्किटं आधी टेबलावर आपटावी लागतात म्हणजे किडे बाहेर पडतात. युद्ध लागल्याचं कळल्यावर त्यानं आणि बाकी तिघांनी कप्तानाला सांगितलं की आपल्याच लोकांवर तोफ डागणार नाही. त्याबद्दल बारा बारा फटके झाले. 'लागले, पण फार नाही.' म्हणजे फार लागले. चौघांपैकी दोघांचे कागद जानेवारीत घरून आले, खुणा जुळल्या आणि त्यांना उतरवून इंग्लंडातल्या तुरुंगात पाठवलं. 'नशीबवान आहेत. आता माझी पाळी. मी लिस्बनहून पाठवलेला कागद तुला मिळाला असेलच, त्यामुळे मला काळजी नाही.'

कसला कागद? मला काहीही मिळालेलं नाही. गेला असेल एखाद्या जहाजाबरोबर बुडून. काही का असेना, शपथपत्र तर मी केव्हाच पाठवलंय. तिन्ही प्रती. आता ते एव्हाना पोचलंही असेल आणि तो कदाचित आत्ता तुरुंगातल्या गवताच्या गादीवर पालथा पडून कुणाशी तरी पत्ते खेळत असेल. त्याला पत्ते खेळायला मी कधी दिले नाहीत. खेळू दे.

भाऊजींना पत्र वाचून दाखवलं. ते फटक्यांपाशी उठून बाहेर गेले.

४ ऑक्टोबर

लंडनच्या एजंटाचं उत्तर आलं. उतरवून ठेवते, म्हणजे खरं वाटेल.

'आपण शपथेवर केलेलं वर्णन नौदलाकडे पाठवण्यात आलं. 'सेम्प्रोनिया'च्या कप्तानानं मे महिन्यात कळवलं की सदर माणसाच्या उजव्या हातावर कोणताही डाग नाही. भाजल्याची खूण डाव्या हातावर आहे. उंचीतही दोन इंचांची तफावत आहे. आई आपल्या मुलाची अशी चुकीची खूण सांगणार नाही, सबब हे शपथपत्र दुसऱ्या कुणाचं किंवा बनावट असावं, असं मानून त्या माणसास नोकरीत कायम ठेवण्यात आलं आहे. कळविण्यास खेद होतो.'

खोटं बोलतात! त्यांना तोफेवर हात हवेत म्हणून खोटं बोलतात. डाग काय चालत जातो एका हातावरून दुसऱ्यावर?

६ ऑक्टोबर

रात्रंदिवस तेच. भाऊजी हळूच म्हणाले, "वहिनी, एकदा नीट आठवून बघा." मी त्यांना नको ते बोलले. म्हटलं, तुम्हाला मूल असतं तर असं विचारलं नसतं. त्यांचं एकुलतं एक पोर घटसर्पानं गेलं ते मला माहीत असून बोलले. त्यांनी टोपी घातली आणि गेले. मी अशी नव्हते.

२३ ऑक्टोबर

माझ्या हातून झालंय. मीच केलंय.

रोडाच्या थंडीच्या कोटाला बाही लावत होते. ती माझ्यासमोर स्टुलावर बसली होती, ओबेडला लोणी लावायला बसवायचे त्याच स्टुलावर. मी म्हटलं, "उजवा हात पुढे कर." तिनं केला. मी म्हटलं, "हा नाही गं, दुसरा."

"आई, हाच माझा उजवा आहे. तू समोर बसलीस की तुला उलटं होतं. दर वेळी करतेस तू."

"दर वेळी?"

"ओबेडदादा चिडवायचा ना तुला. बुटावरून."

माझ्या हातातून सुई पडली. रोडा खाली वाकून शोधत होती आणि मी बसून राहिले. मी माझ्या मुलाला अठरा वर्षं समोरून पाहिलं. दूध पाजताना, तोंड धुताना, लोणी लावताना, धक्क्यावर निरोप देताना, सदैव समोरून. त्याच्या बाजूनं कधी पाहिलंच नाही. माझ्या उजव्या अंगाला जो हात येतो तो त्याचा डावा. एवढं शेंबड्या पोराला कळतं. मी बायबलवर हात ठेवून शपथ घेतली आणि वर सुवाच्य अक्षरात तीन प्रती काढल्या.

रोडाला अजून काही सांगितलेलं नाही. सुई सापडल्यावर तिनं विचारलं, "आई, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, बाही घाल.

२५ ऑक्टोबर

लफकिनांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि बराच वेळ चष्मा पुसला.

"केझायाबाई, कागद मी करून देतो. पण तुम्ही आता हात बदललात तर ते हसतील. म्हणतील, आमचं उत्तर वाचून बाईनं दुरुस्ती केली."

"मग काय करू?"

"त्यानं स्वतः खुणा लिहून दिल्या असत्या, त्यांचं उत्तर यायच्या आधीच्या तारखेच्या, तर गोष्ट वेगळी होती."

"तसं काही नाही माझ्याकडे."

"मग हेच पाठवू. पाठवायला तर हवंच."

पाठवलं. भाऊजींकडे जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "असू द्या, वहिनी. माझ्यावर ओरडून बरं वाटत असेल तर रोज ओरडा."

डिसेंबर

बर्फ. पेढी बंदच म्हणायची. लिहावंसं काही नाही. मी रोज हिशेब करते की दुरुस्त कागद कुठवर पोचला असेल. रोडा मक्याची खीर करून पुढे ठेवते आणि मी खाल्ली असं सांगते.

१४ मार्च १८१४

सिल्वेरांचं पत्र. पोर्तुगीज जहाज बोस्टनला आलं, तिथून. भाऊजींनी फोडलं, वाचलं आणि माझ्याकडे न देता खिशात घातलं. मी म्हटलं, "उतरवायला द्या." ते नाही म्हणाले. मी म्हटलं, "फिनिअस, द्या." त्यांना मी नावानं कधी हाक मारली नव्हती. त्यांनी दिलं.

पहिली ओळ, गेल्या खेपेचा मासा ओलसर निघाला. मग मिठाचं. मग सहीच्या वर:

'आपल्या पुतण्याविषयी. 'सेम्प्रोनिया' डिसेंबरात दुरुस्तीसाठी इथे आली. तो तिच्यावर नाही. अमेरिकन जहाजावर तोफ भरण्यास नकार दिल्याबद्दल त्याला ऑगस्टात दुसऱ्यांदा फटके झाले व त्यानंतरच्या तापात तो १९ सप्टेंबर रोजी वारला, असं जहाजाच्या सुतारानं आमच्या माणसास सांगितलं. त्याच्या मागे राहिलेल्या वस्तूंविषयी काही कळलं नाही. पहिली प्रत रवाना झाल्यावर त्यानं आमच्याकडे दिलेला कागद आम्ही आमच्या १० ऑगस्ट १८१२ च्या पत्राच्या दुसऱ्या प्रतीत घालून पाठवला होता. तो वेळेवर पोचला असेल अशी आशा आहे. आपले आज्ञाधारक.'

सगळं उतरवलं. डाग पडला नाही.

१५ मार्च

काल कप्प्यापाशी जायची हिंमत झाली नाही. आज सकाळी गेले. भाऊजी आधीच तिथे उभे होते, हात न लावता. फीत मी बांधली तशीच होती. पाठीवर माझं अक्षर. 'उघडण्याचं कारण नाही. के. टी.'

लाख मी फोडली. आत पत्र, आणि पत्राच्या आत चौकोनी घडी केलेला कागद.

'आई, कप्तानाच्या कारकुनानं आम्हा चौघांच्या अंगावरच्या खुणा वहीत उतरवल्या आहेत. घरून येणारा कागद तंतोतंत जुळला तर सोडतील. म्हणून तुला आठवायला लागू नये, मी अंगाकडे बघूनच लिहितो. उंची पाच फूट आठ. मी वाढलोय, चौकटीवरची रेघ आता धरू नकोस. हनुवटीखाली व्रण. किटलीचा डाग डाव्या हाताला, कोपराखाली. माझा डावा, आई. तू समोरून बघतेस, तुला तो उजवा वाटेल. बुटाचं आठव. हे वाचून तू आधी रागावशील आणि मग हसशील, ते मला इथे बसून दिसतंय. रोडा किती उंच झाली ते लिही. काकांना सांग, इथे आपला मासा तिप्पट भावानं विकतात, सिल्वेरांना सोडू नका. तुझा ओबेड.'

मी शपथ घ्यायला गेले त्याच्या आठ दिवस आधी हा कागद माझ्या हातात होता. मी त्याच्यावर फीत बांधली. त्या दिवशी हा कागद बघून लिहिलं असतं तर मेमध्ये तो तुरुंगात असता, इतर दोघांसारखा. आज जिवंत असता. हे मला कुणी वेगळं समजावून सांगायला नको आहे. पाद्रीसाहेब आले होते, देवाची इच्छा म्हणाले. मी त्यांना दार दाखवलं.

ज्या दिवशी मी हात दुरुस्त करून पाठवला, त्या दिवशी ओबेडला जाऊन महिना उलटून गेला होता.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, नियम माझा होता."

"नियम तुमचा होता. पण घडी जाड आहे हे माझ्या हाताला लागलं होतं."

त्यांना ते खरं वाटेना. मी ही वही आणली आणि बारा नोव्हेंबरचं पान काढून दाखवलं. त्यांनी वाचलं. मग वही मिटून दोन्ही हातांनी माझ्याकडे परत दिली.

२ एप्रिल

पेशन्स रोज येते. बोलत नाही, नुसती बसून लोकर विंचरते. एवढी वर्षं तिनं गप्प बसावं म्हणून मी देवाकडे मागत होते. आज तिला म्हटलं, "काहीतरी बोल गं. टोमणा मार." तिनं मान हलवली आणि डोळ्याला रुमाल लावला.

रोडा आता सगळं जाणते. मला म्हणाली, "आई, मी तुला आधी सांगायला हवं होतं, तू उलटं बघतेस म्हणून." पंधरा वर्षांची पोर, तीही आपल्या वाटणीचा दोष मागायला आली. मी तिला जवळ घेतलं नाही. घ्यायला हवं होतं. मला तिच्यासमोर बसवत नाही, शेजारी बसले.

९ मे

इंग्रजांनी आता सगळा किनारा अडवलाय, तरी टपालगाडी येते. आज सिल्वेरांच्या मार्चमध्ये मिळालेल्या पत्राची दुसरी प्रत आली. बाहेर ठळक लिहिलेलं.

भाऊजींनी ती माझ्यापुढे ठेवली आणि शेजारी चाकू ठेवला. पहिली प्रत निघाल्यानंतर दुसरी निघेपर्यंत पंधरा-वीस दिवस जातात, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. तेवढ्यात कुणी येतं, काही सांगतं. सुतार चुकला असेल. ओबेड नावाची माणसं काय कमी असतात? घडी दोन्ही बोटांत धरून पाहिली. जाड आहे की नाही ते सांगता येईना. माझा आता माझ्या हातावर विश्वास राहिलेला नाही.

लाख फोडली. आत दुसरा कागद नव्हता.

मग रोडाला पहिली प्रत दिली. पेढीवर प्रती अशाच ताडून पाहतात, एकानं वाचायचं, दुसऱ्यानं बोट ठेवून चालायचं. ती खिडकीशी उभी राहून वाचू लागली. गेल्या खेपेचा मासा ओलसर निघाला. माझ्या बोटाखालीही तेच. मीठ, पिंपं, सगळं तेच. 'आपल्या पुतण्याविषयी' पाशी ती थांबली. मी म्हटलं, पुढे वाच. तिनं वाचलं, रडत, पण एकही शब्द न गाळता. मी प्रत्येक शब्दावर बोट ठेवून थांबत होते, रोडा पुढे गेली तर तिला मागे आणत होते. तारीख तीच आहे. 'वारला' तसंच आहे. सहीच्या खाली आणखी एखादी ओळ असते कधी कधी, घाईत लिहिलेली. तिथे कोरं आहे. मी कागद उलटून पाहिला, उजेडाला धरून पाहिला.

भाऊजींनी दौत पुढे सरकवली. मी पाठीवर लिहिलं:

'दुसरी प्रत. उघडली. फरक नाही. के. टी.'